पडदा उजळला, पाटीचे काय?

महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या प्राथमिक शाळेच्या साठवणखोलीत डोकावले, तर गेल्या चार दशकांतील शैक्षणिक तंत्रज्ञानाचा इतिहास तेथे थराथराने रचून ठेवलेला सापडतो. सर्वांत खाली बंद पडलेला रेडिओ-कॅसेट प्लेअर, त्यावर 'बालचित्रवाणी'च्या काळातला टीव्हीचा पेटारा, शेजारी जाड पाठीचे संगणकाचे मॉनिटर, त्यावर कापडात गुंडाळलेला प्रोजेक्टर आणि अगदी वर चार्ज न होणारे दोन-चार टॅब. यातील प्रत्येक वस्तू शाळेत आली तेव्हा नारळ फुटला होता, फीत कापली गेली होती आणि आता खडू-फळ्याचे दिवस संपले, असे भाषण झाले होते. खडू-फळा मात्र अजूनही वर्गातच आहे. साठवणखोलीत जाण्याची वेळ त्याच्यावर आलेली नाही.

या पार्श्वभूमीवर केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये केलेली घोषणा पाहावी लागते. शैक्षणिक वर्ष २०२६-२७ पासून इयत्ता तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचारपद्धती हे विषय अभ्यासक्रमात आणण्याचे मंत्रालयाने जाहीर केले. तिसरीच का, याची कारणे मंत्रालयाजवळ असतीलही. परंतु याच इयत्तेविषयीचे आणखी एक वास्तव त्याच वर्षीच्या प्रारंभी देशासमोर आले होते. 'असर २०२४' हा ग्रामीण भारताचा शैक्षणिक स्थितीचा अहवाल जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार तिसरीतील केवळ २७.१ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. हातच्याची वजाबाकी येणाऱ्या तिसरीच्या मुलांचे प्रमाण ३३.७ टक्के होते. ज्या वर्गात चारपैकी जवळपास तीन मुले एक साधा परिच्छेद अडखळल्याशिवाय वाचू शकत नाहीत, त्याच वर्गात आता यंत्राच्या बुद्धीचे धडे सुरू होणार आहेत. या दोन गोष्टींत विरोध आहेच असे नाही. तंत्रज्ञान नीट वापरले तर वाचनही सुधारू शकते, याचे पुरावे आहेत. मात्र 'नीट' या शब्दात काय दडले आहे, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. चर्चा होते ती किती संच वाटले याची.

संगणक शाळेत आणण्याचा देशातील पहिला मोठा प्रयत्न १९८४ मधील 'क्लास' प्रकल्पाचा. ब्रिटनमधील 'बीबीसी मायक्रो' हे संगणक त्या प्रकल्पातून निवडक शाळांत पोहोचले. त्याच वर्षी पुण्यात 'बालचित्रवाणी'ची स्थापना झाली. दूरदर्शनवरून सकाळच्या वेळी प्रसारित होणारे तिचे कार्यक्रम आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या अनेक वाचकांना आठवत असतील. त्यांतील काही कार्यक्रम खरोखरच देखणे होते. अडचण होती ती वेळेची. कार्यक्रम लागे तेव्हा वर्गात तो धडा चालू असेलच, याची खात्री नसे आणि धडा चालू असेल तेव्हा वीज असेलच, याची तर नसेच. ही संस्था २०१७ मध्ये बंद करण्यात आली. तिच्या हजारो कार्यक्रमांच्या संग्रहाविषयी तेव्हा हळहळ व्यक्त झाली; पण तोवर शिक्षणाचा 'पडदा' दुसरीकडे सरकला होता.

सप्टेंबर २००४ मध्ये 'इस्रो'ने 'एज्युसॅट' हा केवळ शिक्षणासाठीचा उपग्रह सोडला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये केंद्राने माध्यमिक शाळांसाठी माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची, म्हणजेच 'आयसीटी'ची योजना आणली. महाराष्ट्रात या योजनेतून हजारो शाळांमध्ये संगणक कक्ष उभे राहिले. कंपनीने संगणक बसवायचे, पाच वर्षे चालवायचे, शिकवणारा माणूसही तिनेच नेमायचा आणि मुदत संपली की सारे शाळेच्या स्वाधीन करून निघून जायचे, असे या कंत्राटाचे स्वरूप होते. मुदत संपली, कंपन्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर संगणक शिक्षकांच्या नोकऱ्याही गेल्या. आझाद मैदानावर या शिक्षकांनी वेळोवेळी आंदोलने केली. शाळांच्या हाती उरले ते पाच वर्षे जुने संगणक. संगणकाच्या आयुष्यात पाच वर्षे म्हणजे वार्धक्यच. कंत्राट संपले, पण 'संगणक कक्ष' ही पाटी दारावर राहिली आणि तपासणीच्या अर्जातील 'संगणक आहेत काय?' या रकान्यात 'होय' असे उत्तर पुढेही कित्येक वर्षे लिहिले जात राहिले.

याच काळातील एक प्रयोग जगभर गाजला. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' ही अमेरिकेतील निकोलस निग्रोपॉन्टे यांची कल्पना. भारतात तिचा पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट या छोट्या गावच्या एकशिक्षकी शाळेत झाला. हिरव्या-पांढऱ्या रंगाची ती चिमुकली यंत्रे हाताळणाऱ्या मुलांची छायाचित्रे देशोदेशी छापून आली. मात्र ही कल्पना सर्वाधिक मोठ्या प्रमाणावर राबविली गेली ती दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात. तेथील ग्रामीण भागातील ३१९ शाळांचा शास्त्रशुद्ध अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. लॅपटॉप मिळालेल्या शाळांतील मुलांच्या गणिताच्या वा भाषेच्या गुणांत इतर शाळांच्या तुलनेत काहीही फरक आढळला नाही. लॅपटॉप मुलांनी वापरले होते, आवडीने वापरले होते. पण गणिताचे कोडे त्यामुळे सुटले नव्हते.

क्यूआर कोडची कथा

महाराष्ट्राला या सगळ्यात स्वतःची वाट सापडली ती शासकीय योजनेतून नव्हे, तर शिक्षकांच्या धडपडीतून, हे नमूद करायलाच हवे. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात उपकरणांच्या खरेदीसाठी फारसा निधी नव्हता. असे असताना पुढील दोन-तीन वर्षांत राज्यातील हजारो जिल्हा परिषद शाळांनी स्वतःला 'डिजिटल' करून घेतले. पैसा आला तो गावकऱ्यांच्या वर्गणीतून. यात्रेच्या खर्चातून काही रक्कम शाळेकडे वळविणारी गावे होती, मुंबई-पुण्यात नोकरीस असलेल्या माजी विद्यार्थ्यांना फोन करून प्रोजेक्टर मिळविणारे गुरुजी होते. शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरील शाळेसारखी उदाहरणे पाहण्यासाठी इतर जिल्ह्यांतून शिक्षकांच्या गाड्या भरून येऊ लागल्या. इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळांकडे वळलेले काही पालक मुलांना परत जिल्हा परिषदेच्या शाळेत घेऊन आले, हे या चळवळीचे एक अनपेक्षित फळ. पडद्यापेक्षा गावाने शाळेला पुन्हा आपली मानले, याचा वाटा त्यात मोठा असावा.

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी हे नाव याच धडपडीतून पुढे आले. तेथील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून त्यामागे कविता, चित्रफिती आणि प्रश्नपत्रिका जोडण्याचा प्रयोग केला. साध्या फोनच्या कॅमेऱ्यासमोर पुस्तक धरले की धडा बोलू लागे. पुढे 'बालभारती'च्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' या राष्ट्रीय व्यासपीठाशी देशभरातील पाठ्यपुस्तके याच पद्धतीने जोडली गेली. डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी त्यातील निम्मी रक्कम अंतिम फेरीतील उर्वरित नऊ शिक्षकांत वाटून टाकली, हे सर्वज्ञात आहे.

या कल्पनेचे बळ कशात होते? त्यात शाळेने नवे यंत्र विकत घेण्याची गरज नव्हती. पुस्तक मुलाच्या दप्तरात आधीच होते, फोन कोणाच्या तरी खिशात आधीच होता. कोडने या दोहोंना जोडले. पण बळ तेच तिचे कुंपणही ठरले. फोन ज्याच्या घरी नाही, त्या मुलाच्या दृष्टीने तो कोड म्हणजे पानाच्या कोपऱ्यातील एक काळी-पांढरी रांगोळी. हे कुंपण किती उंच आहे, ते कळायला एक महासाथ यावी लागली.

बंद शाळा, चालू शिक्षण

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली. राज्यात 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' ही मोहीम आखण्यात आली. 'दीक्षा'वरील अभ्यासमाला रोज व्हॉट्सॲपवरून शिक्षकांकडे आणि त्यांच्याकडून पालकांकडे पोहोचू लागली. जुलै २०२० पासून 'सह्याद्री' वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. चार दशकांपूर्वीचा टीव्हीवरचा वर्ग असा पुन्हा अवतरला, तोही 'बालचित्रवाणी' बंद झाल्याला तीन वर्षे होत असताना.

शहरी मध्यमवर्गीय घरांत या काळाची आठवण म्हणजे झूमच्या चौकोनात बसलेले मूल, त्याच्यामागे आवाज न करता वावरणारी आई आणि 'मॅडम, आवाज येत नाही' हे पालुपद. या वर्गाला वाटले, शिक्षण ऑनलाइन झाले. प्रत्यक्षात २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भागात केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि इंटरनेटची सोय १४.९ टक्के कुटुंबांत होती. शहरांतही हे आकडे अनुक्रमे २३.४ आणि ४२ टक्क्यांवरच होते. महासाथीने पालकांना कर्ज काढून, शेळी-बोकड विकून फोन घ्यायला लावले. 'असर'च्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या मुलांच्या ग्रामीण कुटुंबांपैकी स्मार्टफोन असलेल्या कुटुंबांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२० मध्ये ते ६१.८ टक्के झाले. तरीही २०२० च्या त्या पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्यास मिळालेली मुले सुमारे एक तृतीयांशच होती. फोन आला होता, अभ्यास पोहोचत नव्हता.

या पोकळीत ज्यांनी काम केले, त्यांची साधने पाहण्यासारखी आहेत. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकविणारी 'बोलकी शाळा' भरली. सोलापुरातील नीलमनगर या कामगारवस्तीत घरांच्या भिंतींवर धडे रंगविण्यात आले. मूल रस्त्याने जाता-येता बेरीज आणि व्याकरण वाचू लागले. सिंधुदुर्गात नेटवर्कच्या शोधात मुले डोंगरावर जाऊन बसली. तंत्रज्ञान म्हणजे महागडे आणि चमकदार असेच काही असते, या समजाला भिंतीवरच्या रंगाने आणि भोंग्याने दिलेले हे उत्तर होते. त्यावर पुढे कोणी योजना आखली नाही. भिंतीच्या रंगाची निविदा निघत नाही, हेही त्याचे एक कारण म्हणता येईल.

शाळा टप्प्याटप्प्याने पुन्हा उघडल्या. पहिली ते चौथीच्या ग्रामीण वर्गांना डिसेंबर २०२१ उजाडावा लागला. नुकसान किती झाले, ते २०२२ च्या 'असर' अहवालात दिसले. दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे देशातील प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते, ते २०.५ टक्क्यांवर आले होते. दोन वर्षांनंतर, २०२४ मध्ये ते पुन्हा २७.१ वर गेले. ही भरपाई समाधानकारक आहे आणि विशेष म्हणजे सरकारी शाळांनी ती अधिक वेगाने केली. मात्र ती झाली मुले वर्गात परतल्यावर आणि वाचन-गणिताच्या पायाभूत कौशल्यांवर शिक्षकांनी पुन्हा भर दिल्यावर. ऑनलाइन शिक्षणाच्या दोन वर्षांत जे गमावले, ते प्रत्यक्ष वर्गाने परत मिळवून दिले, असाच त्याचा अर्थ होतो.

यंत्र कोणते काम करते?

मग तंत्रज्ञानाने काहीच साधत नाही काय? तसे म्हणणेही पुराव्याला धरून होणार नाही. या प्रश्नावरचे दोन सर्वांत महत्त्वाचे भारतीय अभ्यास एकत्र वाचले, तर चित्र बरेच स्पष्ट होते.

पहिला अभ्यास बडोद्यातील. तेथील महापालिका शाळांत राज्य सरकारने दिलेले संगणक बव्हंशी वापराविना पडून होते. २००२ ते २००४ या काळात 'प्रथम' या संस्थेने चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ असलेला कार्यक्रम त्यावर सुरू केला. आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोन मुले. खेळातील उदाहरणांची काठिण्यपातळी मुलाच्या उत्तरांनुसार बदलत असे. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासह चार अर्थतज्ज्ञांनी त्याचे मोजमाप केले. यातील दोघांना पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळाले. गणितातील गुण पहिल्या वर्षी ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले. शैक्षणिक प्रयोगांच्या दुनियेत ही मोठी झेप मानली जाते. भाषेत मात्र काही फरक पडला नाही आणि कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने गणितातील वाढीचाही बराचसा भाग ओसरला होता.

दुसरा अभ्यास दिल्लीतील. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियान यांनी २०१५ मध्ये सरकारी शाळांतील मुलांची पाहणी केली तेव्हा आढळले, की सहावीतील मुले गणितात सरासरीने अडीच इयत्ता मागे आहेत. ही मुले शाळेनंतर 'माइंडस्पार्क' केंद्रांत आठवड्यातून सहा दिवस जाऊ लागली. निम्मा वेळ संगणकावर, निम्मा वेळ लहान गटात शिक्षकाबरोबर. संगणक आधी मुलाची चाचणी घेई आणि सहावीचे मूल तिसरीच्या पातळीवर असेल, तर तेथूनच त्याला उदाहरणे देई. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाची प्रगती झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील अधिक बोचरी नोंद मात्र वेगळीच आहे. जी मुले या केंद्रांत गेली नाहीत आणि नुसतीच शाळेत बसत राहिली, त्यांच्यातील सर्वांत मागे असलेल्या एक तृतीयांश मुलांची त्या काळात काहीच प्रगती झाली नव्हती. शाळेत हजेरी होती, शिक्षक होते, फळाही होता. पण शिकविले जात होते ते त्यांच्या डोक्यावरून जाणारे.

खैराट, पेरू, बडोदा आणि दिल्ली यांतील फरक येथे आहे. बडोदा आणि दिल्लीत यंत्राला एक नेमके काम सोपविले होते. चाळीस मुलांच्या वर्गात कोणते मूल कोणत्या पायरीवर अडले आहे, हे ओळखून त्याला त्या पायरीवरचा सराव द्यायचा. हे काम एकटा शिक्षक रोज चाळीस मुलांसाठी करू शकत नाही. याउलट आपल्या बहुसंख्य 'डिजिटल' वर्गांत पडद्यावर लागतो तो त्या इयत्तेचा धडा, सर्वांसाठी एकच, आकर्षक रंगांत आणि पार्श्वसंगीतासह. जे मूल फळ्यावरचा अपूर्णांक समजू शकत नव्हते, त्याच्यासमोर तोच अपूर्णांक आता नाचत येतो. गंमत वाटते, वर्ग शांत बसतो, तपासणीला आलेले अधिकारीही खूश होतात. ते मूल जेथे होते तेथेच राहते.

शिक्षकाच्या हातातील फोन

वर्गातील शिकणे सर्वाधिक बदलले ते कोणत्या यंत्राने, असा प्रश्न एखाद्या शिक्षकाला विचारला तर उत्तर बहुधा 'माझ्या फोनने' असेच येईल. त्याची एक बाजू उजळ आहे. डोंगरी भागातील द्विशिक्षकी शाळेचा शिक्षक आज एखाद्या घटकावरचे दहा प्रयोग पाहून वर्गात जाऊ शकतो, दुसऱ्या जिल्ह्यातील शिक्षकाने केलेली चाचणी वापरू शकतो. पूर्वी यासाठी केंद्र संमेलनाची वाट पाहावी लागे.

दुसरी बाजू अशी, की त्याच फोनवर शासनही येऊन बसले आहे. २०१५ मध्ये 'सरल' प्रणाली आली. तिच्या आगेमागे 'यू-डायस', शालेय पोषण आहाराची रोजची नोंद, 'आधार'शी विद्यार्थ्यांच्या नोंदी जुळविणे, अलीकडच्या काळातील 'अपार' ओळखक्रमांक अशी ऑनलाइन कामांची रांग लागली. २०१६ मध्ये तर विद्यार्थ्यांबरोबर 'सेल्फी' काढून ती चढविण्याचा आदेश निघाला होता; शिक्षकांच्या विरोधानंतर तो बासनात गेला. शिक्षकांच्या संघटना या कामांविरुद्ध सातत्याने आवाज उठवीत आल्या आहेत आणि त्यांच्या इतर काही मागण्यांबद्दल मतभेद असले, तरी या तक्रारीत तथ्य नाही, असे म्हणता येणार नाही. चार इयत्ता एकाच वेळी सांभाळणारा शिक्षक 'माहिती तातडीने भरा' या संदेशाला उत्तर देत असतो तेव्हा त्या चार इयत्ता काय करतात? पडदा लावला तर पडद्यासमोर बसतात. तंत्रज्ञान असे स्वतःच निर्माण केलेली पोकळी भरून काढते.

विजेचा प्रश्न वेगळाच. वीजबिल थकल्याने शाळेचा पुरवठा तोडल्याच्या बातम्या राज्याच्या निरनिराळ्या भागांतून अधूनमधून येतच असतात. सादिल अनुदान तुटपुंजे आणि अनियमित. ते येईपर्यंत मुख्याध्यापक खिशातून बिल भरतो किंवा भरत नाही. एकदाच होणाऱ्या खरेदीला पैसा असतो, दरमहा लागणाऱ्या खर्चाला नसतो.

घरचा पडदा

शाळेबाहेर, विशेषतः शहरांत, याच काळात शिक्षण-तंत्रज्ञानाचा एक बाजार उभा राहिला आणि कोसळलाही. सहा-सात वर्षांच्या मुलांना 'कोडिंग' न शिकविल्यास ती मागे पडतील, या भीतीवर २०२० मध्ये किती तरी घरांतून पैसा गेला. या बाजारातील सर्वांत मोठी कंपनी 'बायजूज'. तिचे मूल्य २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर ठरविण्यात आले होते. जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. तिच्या टॅबसाठी कर्जाचे हप्ते भरणाऱ्या पालकांना यातून काय शिकायला मिळाले, तो निराळा विषय.

फोन मात्र घरातच राहिला. 'असर २०२४' नुसार १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के ग्रामीण मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. यांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ३६.२ टक्क्यांचा फोन स्वतःचा होता; मुलींमध्ये हे प्रमाण २६.९ टक्के. घरात एक फोन असेल तर तो आधी दादाच्या हाती जातो, हे सांगायला खरे तर पाहणीचीही गरज नाही. पण आकडा समोर आला की ते नाकारता येत नाही. पूर्वी वही-पुस्तकाच्या बाबतीत जे होई, ते आता फोनच्या बाबतीत होते आहे.

परदेशांत या पडद्याबाबत पुनर्विचार सुरू झाला आहे. स्वीडनने २०२३ मध्ये लहान वर्गांत छापील पुस्तकांकडे परतण्याचा निर्णय घेतला. शाळांतील संगणकांवर मोठी गुंतवणूक केलेल्या देशांच्या वाचन, गणित आणि विज्ञानातील कामगिरीत लक्षणीय सुधारणा दिसली नाही, असे 'ओईसीडी'ने २०१५ मध्येच नोंदविले होते. अर्थात, ज्यांच्या प्रत्येक वर्गात पुस्तकांची कपाटे भरलेली आहेत, त्यांनी पडदा बाजूला सारणे आणि जेथे पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरे पुस्तकच नाही तेथे तो सारणे, यांत अंतर आहे. स्वीडनची नक्कल करून आपले भागणार नाही.

आता या साऱ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा थर चढतो आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आले आणि निबंध, प्रकल्प, गृहपाठ ही शाळेची जुनी साधने एका रात्रीत संशयास्पद झाली. यासंदर्भात तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे हजार विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग बोलका आहे. २०२५ मध्ये त्याचे निष्कर्ष शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाले. गणिताचा सराव करताना काही मुलांना साधे 'चॅट' साधन दिले, काहींना थेट उत्तर न देता केवळ इशारे देणारे साधन दिले, तर उरलेल्यांना केवळ पुस्तक आणि वही. सरावात पहिल्या गटाची कामगिरी ४८ टक्क्यांनी, दुसऱ्याची तब्बल १२७ टक्क्यांनी सरस ठरली. मग साधने काढून घेऊन परीक्षा घेण्यात आली. पहिला गट वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडला. दुसऱ्या गटाचे नुकसान टळले, पण सरावातली ती मोठी आघाडीही परीक्षेत उरली नाही. आपल्याला समजले आहे, असा पहिल्या गटाचा समज मात्र कायम होता.

गाईड वापरून गृहपाठ उतरवून काढणे ही काही नवी गोष्ट नाही. तथापि गाईड सर्वांचे एकच असे आणि शिक्षकाला ते पाठ असे. आताचे उत्तर प्रत्येकाचे निराळे, शुद्धलेखनाच्या चुकांविना आणि आत्मविश्वासपूर्ण असते; ते कोणाचे आहे, हे वही पाहून कळत नाही. मुलाला समोर उभे करून 'हे कसे काढलेस, सांग' असे विचारावे लागते. त्यासाठी शिक्षकाजवळ वेळ हवा आणि तो हिशेब पुन्हा वर आलेल्या ऑनलाइन कामांपाशी येऊन थांबतो.

'यू-डायस प्लस'च्या २०२४-२५ च्या अहवालानुसार देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणकाची सोय आहे, इंटरनेट ६३.५ टक्के शाळांत. आधीच्या वर्षी हे आकडे ५७.२ आणि ५३.९ होते, म्हणजे वेग चांगला आहे. तरी तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेचे धडे देण्याची घोषणा झाली, तेव्हा तीनपैकी एका शाळेत संगणक नव्हता. असलेले संगणक कोणत्या इयत्तेसाठी, आठवड्यातून किती तास आणि कोणाच्या देखरेखीखाली चालतात, याची नोंद या अहवालात होत नाही. बडोद्याच्या शाळांतही संगणक होतेच. ते पडून आहेत की नाहीत, हे आकड्यातून कळत नव्हते. नव्या विषयासाठी शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचे मंत्रालयाने सांगितले आहे. ते प्रशिक्षण ऑनलाइनच होणार असेल, तर राज्यातील शिक्षक ते कोणत्या वेळी पूर्ण करतील, याचा अंदाज त्यांच्या मुख्याध्यापकांना आताच आहे.